राणी-अस्मानी मूठ

आत्या माणसाचा चेहरा नंतर बघायची, आधी हात बघायची. विळा घ्यायला कुणी भट्टीपाशी आलं की म्हणायची, "हात दे." समोरच्याने हात पुढे केला की तो उलटा करायची, तळव्यावरून अंगठा फिरवायची, मधल्या बोटाची लांबी आपल्या बोटाशी लावून पाहायची आणि मग मागे दोरीला टांगलेल्या विळ्यांतला एक काढून द्यायची. देताना पातं स्वतःकडे, मूठ घेणाऱ्याकडे. ती मूठ अशी बसायची की माणूस जागच्या जागी मनगट फिरवून हवेतच एक पेंढी कापून टाकायचा. मग आत्या हसायची. तिचे पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे तिचं हसू लहान मुलीचं वाटायचं.

चंद्रभागा पांचाळ हे तिचं पूर्ण नाव मी वकीलपत्रावर लिहिलं तेव्हाच मला कळलं. मुरबाड बाजाराच्या मागच्या अंगाला तिची भट्टी. पोरीबाळींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. तिच्या वयाचे बाप्येसुद्धा. आत्याला जाऊन आता दोन उन्हाळे झाले, तरी लोक अजून "आत्याकडचा विळा" असंच म्हणतात.

तिचा नवरा लोहारकाम करायचा. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद आणून त्यातून पाती काढायचा. तो अकाली गेला तेव्हा लोकांना वाटलं भट्टी बंद होणार. आत्याने तेराव्यानंतर भाता सुरू केला. "घण काय बाई-बाप्या बघतो?" एवढंच म्हणाली म्हणतात. पुढे सून सविता आली, विजेचा पंखा आला, घणाचं काम सविताकडे गेलं. पात्याला पाणी देणं मात्र आत्याने अंगात बळ होतं तोवर कुणाला दिलं नाही. तापलेलं पातं कुठल्या रंगाचं झालं की पाण्यात सोडायचं, हे तिला डोळ्यांनी कळायचं. पातं चिमट्यात धरलेलं असताना कुणी बोललं तर ती हाताने गप्प करायची. मंत्री आला असता तरी केलं असतं.

मी शहापूरला वकिली करते. वारसनोंदी, वाटण्या, बांधाचे तंटे, कधीमधी पोटगी. माझ्या टेबलावर विळा येण्याचं काही कारण नव्हतं. दसरा होऊन गेला होता, भातं पिकून आडवी व्हायला लागली होती, आणि एका दुपारी ही उंच, काळीसावळी, सत्तरीकडे झुकलेली बाई हातात गोणपाट गुंडाळून आत आली. दहाही नखांच्या कडांना रंग. काही नखं गुलाबी, काही निळी. तिने गोणपाट उलगडलं आणि दोन विळे माझ्यापुढे ठेवले.

"वकिलीण, यातला माझा कुठला ता सांग."

दोन्ही सारखे. मुठीचा खालचा अर्धा राणी रंगाचा, वरचा अर्धा अस्मानी, मधे बोटभर कोरं लाकूड. मी दोन्ही उचलून पाहिले आणि एकावर बोट ठेवलं.

"चुकलीस," ती म्हणाली. तिला त्यात आनंद नव्हता. "तू शिकलेली. खिडकीशी बसलेली. तरी चुकलीस. मग ठमी चुकली तर तिचा काय दोष हाय?"

मी ठरलेले प्रश्न विचारायला कागद ओढला, पेन उचललं, आणि तिने एकदम माझं मनगट धरलं.

"डावरी हायस?"

"हो."

"कापणीला जातेस?"

आमचं शेत किन्हवलीच्या बाजूला. लहानपणापासून मी कापणीला जात होते आणि लहानपणापासून सगळे मला हसत होते. माझा विळा कापायचा नाही, चावायचा. भावंडं म्हणायची, हिच्याकडे दिलं तर भात उपटून निघेल. मी तिला ते सांगितलं.

"तुझं नाय काय चुकत," आत्या म्हणाली. "दाते एकाच बाजूनं काढलेले असतात. उजव्या हाताच्या बाजूनं. तुला उलटे पायजेत."

पुढच्या खेपेला तिने माझ्यासाठी विळा आणला. दाते दुसऱ्या बाजूने काढलेले. त्या रविवारी मी शेतात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून भात सरसर कापलं गेलं. भावाने विळा मागून घेतला, दोन पेंढ्या कापून पाहिल्या, वैतागून परत दिला. तिसाव्या वर्षानंतर मला कळलं की मी वाईट कापणारी नव्हते. तिने हे सगळं मी तिची केस हातात घ्यायच्या आधी केलं. मी फी सांगायच्याही आधी.

आता ठमीचं सांगते. डोळखांबच्या वर डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे, तिथली ही ठमीबाई. स्वतःची जमीन नाही. कापणीच्या दिवसांत दुसऱ्यांची भातं कापायची आणि दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जायचं, असं तिचं वर्ष. तिने त्या वर्षी शहापूरच्या बाजारात राणी-अस्मानी मुठीचा विळा घेतला. तिसऱ्या दिवशी कापता कापता मुठीवरची शेंबी, म्हणजे पातं धरून ठेवणारं लोखंडी कडं, सुटली. पातं मुठीतून निसटून उलटं फिरलं आणि तिच्या तळहातात अंगठ्याच्या मुळाशी घुसलं. सात टाके पडले. ती कापणी तिची गेली.

टाके निघायच्या आधीच ठमी एस.टी. बदलत मुरबाडला आली आणि भट्टीच्या दारात उभी राहून ओरडली, "आत्या, तुझ्या इळ्यानं माझा हात खाल्ला!"

आत्याने तिच्या हातातला विळा घेतला. पात्यावर टिचकी मारली, आवाज ऐकला. शेंबी पाहिली. आरपार खिळा नव्हता, नुसती ठोकून बसवलेली. पातं पोलादाचं नव्हतं, कुठल्याशा पत्र्यातून दाबून काढलेलं. "ठमे, हा माझा नाय," ती म्हणाली.

ठमीचं उत्तर आत्याने मला त्या दुपारी शब्दाला शब्द सांगितलं. "मला काय वाचता येतं? रंग बघून घेतला. तुझाच रंग हाय ना?"

"वकिलीण," आत्या मला म्हणाली, "मी तिला काय सांगू? बाजारात बसून प्रत्येकीला टिचकी मारायला शिकवू? त्या रंग बघून डोळे झाकून घेतात. पन्नास वर्षं घेतात. माझ्या रंगावर भरवसा ठेवला नि तिचा हात कापला. म्हंजे माझ्या रंगानंच कापला ना?"

चौकशी केली तेव्हा कळलं, कल्याणकडचा एक घाऊक व्यापारी असे विळे बनवून घेऊन आसपासच्या बाजारांत पाठवत होता. आत्याला एकच हवं होतं. तिचे रंग तिच्याच मुठीवर राहावेत.

मला ट्रेडमार्कचं ओ की ठो माहीत नव्हतं. नाव, चित्र, सही, यांचा होतो एवढं कॉलेजात शिकलेलं. रंगांचा होतो? मी माझी मैत्रीण शलाका हिला फोन लावला. ती मुंबईत हेच काम करते.

"रंगांच्या जोडीचा होतो," शलाका म्हणाली. "ठरलेल्या जागी ठरलेले रंग असतील, आणि लोक नुसत्या त्यांवरून माल कुणाचा ते ओळखत असतील, तर. पण ते लोक ओळखतात हे सिद्ध करावं लागतं. बिलबुकं आहेत? जाहिराती? पॅकिंग?"

"नाही."

"मग काय आहे?"

"विळे आहेत," मी म्हणाले.

आत्या ट्रेडमार्कला 'मार्का' म्हणायची. "आमच्या मार्क्याचं कुठवर आलं?" असा तिचा फोन आठवड्याला यायचा, आणि तो नेहमी पाणी देऊन झाल्यावर, म्हणजे दुपारी जेवायच्या आधी. अर्ज भरला. त्यासाठी मुठीचे फोटो काढायला सविताने पांढरी चादर टांगली. पण पुरावा म्हणून काय द्यायचं यावर माझं डोकं चालेना. ते आत्याचं चाललं.

पौषात मुरबाडजवळच्या म्हसा गावी मोठी जत्रा भरते. बैलबाजाराच्या अलीकडे, घोंगड्यांच्या पालांशेजारी आत्याची जागा ठरलेली. त्या वर्षी तिने महिनाभर आधीपासून बाजारात येईल त्याला सांगायला सुरुवात केली, "घरात माझा सगळ्यात जुना विळा असंल तो म्हशाला घेऊन ये. घेनार नाय, फोटो काढून परत देनार."

मी आणि माझा कारकून सकाळी तिथे पोचलो तर पालापुढे रांग. लोकांनी गवतात टाकलेले, आढ्याला खोचलेले, गंजलेले विळे काढून आणले होते. घासून घासून काही पाती बीजेच्या चंद्रासारखी बारीक झाली होती. मुठी हाताच्या घामाने काळ्या पडल्या होत्या, पण शेंबीच्या कडेला नखाने खरवडलं की अस्मानी दिसायचा, बुडाशी राणी. आत्या प्रत्येक विळा हातात घेऊन सांगायची. हा माझ्या नवऱ्याच्या हातचा. हा तो गेला त्या वर्षीचा, ह्याला पाणी कमी पडलेलं. हा सविताचा पहिला.

एक पन्नाशीचा गृहस्थ आला. वाशिंदला कारखान्यात कामाला होता, अंगात कंपनीचा शर्ट. आत्याने त्याच्या हातातली मूठ घेतली, बोटं बसवून पाहिली आणि म्हणाली, "हा तुझा नाय. हा तुझ्या आयशीचा. तिचं मधलं बोट आखूड होतं. ती बरी हाय?"

"गेली. सहा वर्षं झाली."

आत्याने मूठ त्याच्याकडे करून विळा परत दिला. तो बाजूला जाऊन उभा राहिला. आम्ही पुढचे तीन-चार फोटो काढेपर्यंत तो त्या मुठीवर आपली बोटं बसवून पाहत होता. ती बसत नव्हती. मग तो परत आला आणि म्हणाला, "साक्ष लागली तर मला बोलवा. रजा टाकून येईन."

वाड्यावाड्यांतल्या चौदा बायकांचे जबाब मी तिथेच बसून घेतले. प्रत्येकीपुढे पाच-सहा तऱ्हेचे विळे मांडायचे आणि विचारायचं, यात आत्याचा कुठला? चौदाही जणींनी झटक्यात राणी-अस्मानीला हात घातला.

"कशावरून ओळखलंत?" मी विचारलं.

"रंगावरून."

"नुसत्या रंगावरून?"

त्यातली एक माझ्याकडे बघून दुसरीला म्हणाली, "हिला विचार गो, ही हिची म्हस कशावरून वळखते?"

मुरबाडच्या रंगाच्या दुकानदारानेही लिहून दिलं, की वडील गल्ल्यावर बसत होते तेव्हापासून ही बाई हेच दोन डबे नेते, तिसरा रंग कधी मागितला नाही. शलाका म्हणाली, "अगं, मोठ्या कंपन्यांकडे एवढं नसतं."

सगळं छान चाललं होतं. मग प्रतिज्ञापत्रावर सही करायची वेळ आली आणि आत्या अडली.

त्यासाठी तिची ती गोष्ट सांगायला हवी. ती गोष्ट ती पन्नास वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आली होती. लग्न होऊन ती मुरबाडला आली त्या पहिल्या वर्षी तिच्या नणंदेचा पाय गवतात पडलेल्या विळ्यावर पडला. लाकडी मूठ, मातीच्या रंगाची, दिसलीच नाही. पोर आयुष्यभर लंगडली. तेव्हा आत्याच्या मनाने घेतलं की मूठ दिसली पाहिजे. हिरवा लावून पाहिला, गवतात हरवला. पिवळा पिकल्या भातात हरवला. राणी रंग बरा वाटला. "शेतात राणी रंगाचं काय पिकत नाय," ती सांगायची. पण भादव्यात गवत कापायच्या दिवसांत बांधाबांधाला तेरडा फुलतो आणि राणी मूठ तेरड्यात जाऊन बसते. म्हणून मग दुसरा रंग, अस्मानी. एक नाही दिसला तर दुसरा दिसेल.

ही गोष्ट मला फार आवडायची. शलाकाने ती फोनवर पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाली, "ही गोष्ट आपल्याला मारणार. रंग काहीतरी काम करत असेल तर कायदा म्हणतो तो एकट्याला देता येत नाही. मूठ दिसावी म्हणून रंग असेल तर समोरचा म्हणेल, माझ्याही मुठी दिसायला नकोत का?"

म्हणून मी प्रतिज्ञापत्रात लिहिलं, 'सदर रंगांचा वापर केवळ माझ्या मालाची ओळख पटावी यासाठी केलेला आहे.' आत्याला सगळं वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. या वाक्याला तिने डोळे उघडले.

"केवळ म्हंजे?"

"म्हणजे फक्त."

"फक्त नाय. गवतात दिसावा म्हनून लावला. वळख मागनं झाली."

मी तिला कायदा समजावला. दोनदा. तिला तो पहिल्यांदाच समजला होता.

"आत्या, खोटं नका सांगू. पण ती गवताची गोष्ट जरा कमी सांगा. निकाल लागेपर्यंत तरी."

"कमी म्हंजे किती? नणंदेचा एक पाय सांगू नि दुसरा ठेवू?" तिने पेन टेबलावर ठेवलं. "माझ्या कुसमीचा पाय गेला म्हनून हे रंग आले. ता पुसून मार्का मिळत असंल तर नको मला."

मी चिडले. एवढी धावपळ, चौदा अंगठे, म्हशाची धूळ, आणि ही बाई एका शब्दावर अडून बसली होती. पण तिने सही केली नाही. रात्रभर कुरकुरत मी ते वाक्य बदललं. खरं होतं ते सगळं लिहिलं, तेरड्यासकट. मनात म्हटलं, हरलो.

अर्ज मुंबईच्या कार्यालयात रांगेत होता आणि त्याला वेळ लागणार होता. पण नोंदणी झालेली नसली तरी, आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणाऱ्याला कोर्ट थांबवू शकतं. म्हणून आम्ही कल्याणला जिल्हा न्यायालयात दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मागितला. तारखेला आत्या ठमीला घेऊन आली. ठमीचा हात तोवर भरला होता, पण अंगठा पुरता वळत नव्हता. कापणी गेल्यापासून आत्याने तिला भट्टीवर मुठी रंगवायला बसवलं होतं. डाव्या हाताने. त्या वर्षी ठमी वीटभट्टीवर गेली नाही, तिची धाकटी मुलगी सबंध वर्ष एकाच शाळेत बसली.

व्यापाऱ्याच्या वकिलांनी उभं राहून मोबाईल काढला. कुणीतरी म्हशाच्या जत्रेत व्हिडिओ काढला होता. त्यात आत्या हातवारे करून गिऱ्हाइकाला तेरड्याची गोष्ट सांगत होती. वकील म्हणाले, "मॅडम, वादी स्वतःच्याच तोंडाने सांगते आहे. हे रंग मूठ दिसावी म्हणून आहेत. ही सुरक्षेची सोय आहे, ओळख नव्हे. सोय सगळ्यांची असते."

मी गार पडले. आणि मग लक्षात आलं, की 'केवळ' लिहिलं असतं तर या क्षणी आत्या कोर्टापुढे खोटी ठरली असती. मी कागद पुढे केले, आमच्या प्रतिज्ञापत्रात हेच लिहिलंय म्हणाले. न्यायाधीश मॅडमनी ते वाचलं, आणि चष्म्यावरून आत्याकडे पाहिलं.

"आजी, हे खरं आहे?"

आत्या उठली. "खरं हाय."

"मग त्यांच्याही विळ्यावर कुणाचा पाय पडू नये, असं तुम्हाला नाही वाटत?"

"पडूच नये! त्यांनी रंग लावावाच." तिचा आवाज भट्टीवरचा होता, कोर्टात जरा मोठाच वाटला. "बाई, मी तेव्हा पुष्कळ रंग लावून बघितले. केशरी नि पांढरा दिसतो. पिवळा नि काळा दिसतो, पट्टे वढले तर. जांभळा नि पांढरा दिसतो. शेतात टाकून, लांबनं चालत येऊन बघितलंय मी. एवढे दिसनारे रंग हायत. त्यांना नेमके माझेच दोन कसे दिसले? नि खाली राणी, वर अस्मानी, मधी कोरं लाकूड, ह्येच कसं सुचलं?"

मागे कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "एवढे रंग दिसत होते, तर तुम्ही हेच दोन का घेतले?"

आत्या पहिल्यांदाच अडखळली. तिने पदर खांद्यावरून पुढे ओढला.

"आवडले म्हनून."

"म्हणजे?"

"माझं लग्नातलं लुगडं राणी रंगाचं होतं. काठ अस्मानी. ह्यांनी आनलेलं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "दिसायला काय, चारी जोड्या दिसत होत्या. ह्ये म्हनाले तुला कुठली बरी वाटते ती लाव. मी ही लावली."

हे तिने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. पन्नास वर्षांच्या त्या गोष्टीत हा तुकडा नव्हता. लाजेने गाळला असावा. मी शलाकाकडे पाहिलं, ती मुंबईहून मुद्दाम आली होती. तिने टेबलाखाली माझा हात इतका जोरात दाबला की अंगठी रुतली. काम करणारे रंग पुष्कळ होते, त्यांतले हे दोन तिने स्वतःच्या आवडीने उचलले होते. याहून चांगला मुद्दा आम्हा दोघींना वर्षभर बसून सुचला नसता.

पुढच्या तारखेला हुकूम झाला. व्यापाऱ्याने विळे खुशाल विकावेत, हवे ते रंग लावावेत, पण राणी-अस्मानी अशा तऱ्हेने लावू नयेत की माल आत्याचा वाटेल. ठमीला मी सोपं करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे आता डोळे झाकून घेतला तरी चालंल."

महिनाभराने मी मुरबाडला काही कामाने गेले होते, भट्टीवर डोकावले, तर दारात मोटार. तो व्यापारीच आला होता. साधारण माझ्याच वयाचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस, दगडावर अवघडून बसलेला. त्याच्या गोदामात रंगवलेल्या मुठींचा ढीग पडला होता आणि त्या घासून पुन्हा रंगवायच्या होत्या. माझ्याकडे बघून तो उठायला लागला. आत्या म्हणाली, "बस रे. हात दे."

त्याने बिचकत हात पुढे केला. आत्याने तळव्यावर अंगठा फिरवला. "तू कधी विळा धरलाच नायस," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, डॉक्टर सांगतो तसं सांगितलं. मग तिने त्याचाच एक विळा मागून घेतला, शेंबी काढली, सविताकडून गिरमिट घेऊन आरपार भोक पाडलं, खिळा घातला, दोन्ही टोकं ठोकून बसवली आणि त्याच्या पुढ्यात धरला. "वढ."

त्याने ओढलं. हललं नाही.

"केशरी-पांढरा लाव. पन रंग नंतर. आधी ह्ये. नि पत्रा सोड, कमानपाटा घे. कुठनं घ्यायचा ता सविता सांगंल."

तो गेल्यावर मी तिला म्हणाले, "आत्या, आपण त्याच्याशी भांडून जिंकलो. आणि तुम्ही त्यालाच शिकवता?"

ती भाकरीचा तुकडा चहात बुडवत होती. "सगळा तालुका काय माझ्याच विळ्यानं कापतो? त्याचा पन कुनीतरी घेनार. तिची बोटं काय परकी हायत?" तुकडा तोंडात टाकून ती पुढे म्हणाली, "माझे रंग माझे. खिळा सगळ्यांचा."

त्या वर्षीच्या कापणीत मी बाजारात केशरी-पांढऱ्या मुठीचे विळे पाहिले. एक उचलून शेंबी बघितली. खिळा होता.

नोंदणीचं प्रमाणपत्र पुढे बऱ्याच दिवसांनी आलं. मधे हरकती, उत्तरं, ऑनलाइन सुनावणी, सगळं शलाकाने निभावलं. ते मेलवर येताच मी शहापूरला रंगीत प्रिंट काढून घेतली आणि दुपारच्या एस.टी.ने मुरबाडला गेले.

आत्या तेव्हा खंगली होती. पाणी द्यायचं कामही त्या वर्षी तिने सविताच्या हाती दिलं होतं. उंबऱ्यात सतरंजीवर बसली होती, मागून घणाचा आवाज येत होता. मी कागद तिच्या मांडीवर ठेवला. तिला अक्षरं वाचायची नव्हती. कागदावर मुठीचं चित्र छापलेलं होतं, त्यावर तिने बोट ठेवलं आणि कपाळाला आठी घातली.

"ह्यो कुठला रंग?"

प्रिंटरची शाई संपत आली असावी. राणी रंग फिका, फुटलेल्या ओठासारखा गुलाबी आला होता, अस्मानी तर राखेकडे झुकला होता.

"प्रिंट तशी आलीय आत्या. सरकारकडे बरोबर आहे."

"नक्की?"

"मी पाहिलंय."

तिचं समाधान झालं नाही. तिने हाक मारली, "ठमे, डबे आन. नि बारका कुंचला."

"आत्या, सरकारी कागद आहे, त्यावर..."

"माझ्याच नावाचा हाय ना?"

ठमीने दोन्ही डबे आणून उघडले. आत्याने कागद मांडीवरच्या पाटावर ठेवला, डोळे अगदी जवळ नेले, श्वास रोखला. हात थरथरत होता, पण कुंचला टेकल्यावर थांबला. आधी खालचा भाग राणी. कुंचला पुसला. मग वर अस्मानी. मधली पट्टी तशीच सोडली. चित्राच्या रेषेबाहेर एक थेंब गेला नाही.

मी धरायला हात पुढे केला तर तिने दिला नाही. "वला हाय," म्हणाली.

माझी एस.टी. सुटायची वेळ झाली होती. वळणावरून मी मागे पाहिलं. आत्या उंबऱ्यात बसून कागद दोन कोपऱ्यांना धरून समोर उन्हात उभा करत होती, आणि गाल फुगवून हळूहळू त्यावर फुंकर घालत होती.